पाच इंची स्क्रीनचा एफपीव्ही गॉगल, नाशिक: तिसरं खोकं

रिमोटच्या विमानावरच्या कॅमेऱ्याचं चित्र उडवताना थेट डोळ्यांसमोर दाखवणारा हा घरी बांधलेला गॉगल (एफपीव्ही, म्हणजे फर्स्ट पर्सन व्ह्यू). त्याचं तिसरं खोकं चाचणीला उतरलं आहे. पहिली दोन का बाद झाली ते आधी, कारण नव्याने बांधणाऱ्याचं सामान नेमकं तिथेच वाया जातं.

पहिलं गेलं स्क्रीनमुळे. गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी मिळणारा ४.३ इंची मॉनिटर स्वस्त पडतो, पण त्यातले बरेच बोर्ड सिग्नल कमजोर झाला की चित्र बंद करून निळा पडदा दाखवतात. बोर्डावरची चिप सतत सिंक पल्स, म्हणजे चित्राची प्रत्येक ओळ कुठे सुरू होते ते सांगणारी खूण, शोधत असते. थोडा वेळ ती सापडली नाही की ‘सिग्नल नाही’ असं धरून ती निळा रंग भरते. गाडी मागे घेताना यात काही बिघडत नाही. विमान बाभळींच्या रांगेमागे गेलं असताना मात्र तोच निळा रंग विमान घालवतो. मुंग्या आलेल्या, फाटक्या चित्रातही क्षितिज दिसतं आणि तेवढ्यावर वळून परत येता येतं.

कॅमेरा थेट मॉनिटरला जोडून हा दोष कळत नाही. मध्ये विमानावरून येणारं चित्र पकडणारा ५.८ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर लावायचा आणि विमानावरचा ट्रान्समीटर बंद ठेवायचा. पडद्यावर मुंग्या दिसल्या तर बोर्ड घ्यावा, निळा किंवा काळा झाला तर परत द्यावा. यात तडजोड नको. बाकी सगळं नंतर सुधारता येतं.

आता ८०० × ४८० चं ५ इंची पॅनेल आहे, सोबत एव्ही इनपुटचा १२ व्होल्टचा बोर्ड. चित्राचा भाग १०८ × ६४.८ मिलिमीटर. ॲनालॉग कॅमेऱ्याचं चित्र याहून फारसं बारीक नसतंच, त्यामुळे जास्त पिक्सेलवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

दुसरं खोकं भिंगाच्या अंतरामुळे बाद झालं, आणि खरी मेहनत इथेच आहे. दोन्ही डोळ्यांसाठी मिळून एकच सपाट फ्रेस्नेल भिंग (गोल गोल खाचा पाडलेली पातळ प्लास्टिकची पट्टी) वापरलं आहे. एका स्क्रीनसमोर दोन वेगळी भिंगं बसवली तर दोन डोळ्यांना दोन जागी चित्र दिसतं आणि दहा मिनिटांत डोकं चढतं. पुस्तक वाचायच्या प्लास्टिकच्या भिंगापासून सुरुवात करता येते, पण त्यावर छापलेल्या ‘३ एक्स’वर विसंबू नये. खिडकीसमोरच्या भिंतीवर दूरच्या इमारतीची उलटी प्रतिमा पाडायची आणि ती सर्वांत रेखीव असताना भिंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं. तेच नाभीय अंतर. सूर्य धरून मोजायच्या फंदात पडू नये, भिंत जळते.

या भिंगाचं नाभीय अंतर १५ सेंटिमीटर आहे. स्क्रीन त्याच्या आत हवी, नेमकी किती आत यावर सगळं ठरतं. १३.५ सेंटिमीटरवर ठेवली तर प्रतिमा भिंगापासून १३५ सेंटिमीटरवर दिसते, १४ वर २१० आणि १४.५ वर थेट ४३५. म्हणजे शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये सव्वादोन मीटरचा फरक. दुसऱ्या खोक्यात स्क्रीन ११ सेंटिमीटरवर पक्की चिकटवली होती. प्रतिमा जेमतेम ४१ सेंटिमीटरवर यायची आणि डोळे ताणले जायचे. पण उणे २ नंबरच्या चष्मेवाल्याला चष्मा काढून पाहायचं तर त्याला साधारण ११.५ सेंटिमीटरच लागतं. म्हणून आता स्क्रीन सरकती केली आहे, ११ ते १४.५ पर्यंत. चित्राची रुंदी साधारण ४० अंश भरते.

भिंग कापण्याआधी टॉर्चच्या उजेडात वर्तुळांचा मध्य शोधून तिथे खूण करावी. तो मध्य स्क्रीनच्या मध्यासमोर आला नाही तर चित्र एका बाजूला ओढलं जातं. खाचांची बाजू डोळ्यांकडे ठेवली की चित्र जास्त स्वच्छ येतं, फक्त धूळ मऊ ब्रशने झाडत राहावी लागते. जवळपास सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे झटपट चिकटणारा, गोंद वापरू नये, त्याच्या वाफेने प्लास्टिकवर पांढरी साय धरते.

खोकं ५ मिलिमीटर सनबोर्डचं, म्हणजे हलक्या फोमसारख्या प्लास्टिकच्या पत्र्याचं. फ्लेक्स बोर्ड करणाऱ्यांकडे त्याचे तुकडे मिळतात. एकात एक सरकणारे दोन डबे, आतून काळी मखमल. काळा चकचकीत कागद लावला तर भिंगात स्क्रीनचं भूत दिसतं. जोड नुसत्या हॉट ग्लूवर सोडू नयेत. मे महिन्यात बंद गाडीत तो मऊ पडतो आणि स्क्रीन तिरकी होते.

वीज ३ सेलच्या १३०० एमएएच लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीची. स्क्रीन आणि रिसीव्हर मिळून साधारण अर्धा ॲम्पिअर घेतात, म्हणजे बॅटरीचा ८० टक्के भाग वापरून दोन तास. सेलमागे ३.५ व्होल्टला अलार्म. बॅटरी डोक्यामागे पट्ट्यावर लावली की नाकावरचा भार उतरतो. चित्रात आडव्या रेघा सरकत होत्या. १०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर रिसीव्हरच्या पुरवठ्यात टाकल्यावर त्या गेल्या. कॉइल १ ॲम्पिअर सहन करणारी हवी.

विमानावर आणि गॉगलवर दोन्हीकडे अँटेना एकाच फिरकीची हवी; फिरकी म्हणजे रेडिओलहर फिरण्याची दिशा. एकीकडे उजवी आणि दुसरीकडे डावी असली तर २० डेसिबलच्या आसपास सिग्नल बुडतो. एसएमए आणि आरपी-एसएमए या अँटेनाच्या दोन जोडण्यांचे आटे एकमेकांत बसतात, पण मधली पिन भिडत नाही. असा ट्रान्समीटर चालू केला की तो अँटेनाविनाच चालतो आणि जळू शकतो. चॅनेल रेसबँड या ठरलेल्या आठ चॅनेलच्या संचातले ४, ५ किंवा ६ ठेवावेत: ५७६९, ५८०६, ५८४३ मेगाहर्ट्झ. ७ आणि ८ हे ५८७५ च्या पुढे जातात, म्हणजे विनापरवाना पट्ट्याच्या बाहेर.

थंडीत निफाडच्या बाजूला सकाळी उडवताना भिंगावर दव धरतं. नाकाजवळ १० मिलिमीटरची चार भोकं आणि वर २५ मिलिमीटरचा ५ व्होल्टचा पंखा एवढ्याने काम झालं. उलट उन्हात गॉगल भिंग वर करून ठेवला तर काही सेकंदांत स्क्रीनवर कायमचा डाग पडतो. भिंगाला पुठ्ठ्याचं झाकण पट्ट्यालाच बांधलेलं आहे.

ओझर विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग जवळ असल्याने जागा आधी ड्रोनच्या सरकारी नकाशावर तपासावी आणि शेजारी उघड्या डोळ्यांनी विमान पाहणारा माणूस उभा असावा. द्राक्षबागांवर खाली उतरू नये. मांडवाच्या तारा कॅमेऱ्यात दिसत नाहीत, दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

आता राहिलं आहे पॅच अँटेनाचं, म्हणजे एकाच दिशेला जास्त पकडणाऱ्या सपाट अँटेनाचं, ब्रॅकेट. सनबोर्डवर ते डुगडुगतं, म्हणून २ मिलिमीटर ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून बघायची आहे.