रानपिंगळ्यासाठी मेळघाटात तीन दिवस

मेळघाटातल्या गाविलगडाच्या दक्षिण तटावर सकाळी उभं राहिलं की खाली सगळा वऱ्हाड पसरलेला दिसतो. जानेवारी महिना. कपाशी वेचून झाल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या, मध्येच संत्र्याच्या बागांचे गडद हिरवे तुकडे आणि वर तरंगणारं धुकं. त्या धुक्यानं सपाटी झाकली, तेव्हा गडाच्या खालचा उतार अगदी समुद्रकिनाऱ्यासारखा दिसत होता. मी आलो होतो रानपिंगळा नावाचं छोटं घुबड बघायला, पण हा पक्षी अशा रानांतच का उरला याचं उत्तर मला या तटावर उभं राहून जास्त कळलं.

आधी जायचं कसं ते सांगतो. रेल्वेनं अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरा, अमरावतीहून परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर. तिथून घाट चढून चिखलदरा तीसेक किलोमीटर, किंवा दुसऱ्या वाटेनं सेमाडोह. पेट्रोल, रोख पैसे आणि औषधं परतवाड्यातच घ्या, पुढे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. वनविभागाच्या विश्रामगृहाचं आरक्षण आधीच करा. कानटोपी विसरू नका, पहाटे बोटं इतकी गारठतात की दुर्बिणीचं चाक फिरत नाही.

पहिली सकाळ आम्ही वाया घालवली. घुबडवर्गातला पक्षी म्हणून अंधारातच निघालो आणि काही न दिसता नाश्त्याला परतलो. दुसऱ्या दिवशी बरोबर आलेला कोरकू गाइड म्हणाला, "घाई नका करू भाऊ. ऊन पडू द्या. थंडी वाजली की थो बी उन्हात येऊन बसते." तसंच झालं. रानपिंगळा दिवसा वावरणारा पक्षी आहे. साडेआठच्या सुमारास पानं गळत आलेल्या सागाच्या वाळक्या फांदीवर तो बसला होता, छातीवर ऊन घेत. डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, पोट पांढरंशुभ्र, शेपटीवर ठळक पट्टे आणि पाय त्या देहाला शोभणार नाहीत इतके दणकट. गावातल्या चिंचेवरच्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. फरक तिथंच बघा. आवाज ऐकताच यानं शेपटी झटकली, डावी-उजवी.

ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ अॅलन ह्यूमनं 1873 मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं. 1884 नंतर तो कुणाला खात्रीनं सापडला नाही. 1997 च्या नोव्हेंबरात पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ दिसला, म्हणजे तब्बल 113 वर्षांनी. पुढे मेळघाटातही सापडला. आज त्याची वस्ती मध्य भारतात तुकड्या-तुकड्यांनी आहे, म्हणूनच मला बेटांची आठवण झाली.

समुद्रातल्या बेटावर काय होतं? अंदमानातल्या नारकोंडमचंच बघा. बेट जेमतेम सात चौरस किलोमीटरचं, पण तिथला धनेश जगात दुसरीकडे कुठेच नाही. वाट बंद झाली आणि भरपूर काळ गेला की वेगळी जात घडते. पाणीच हवं असंही नाही. सह्याद्रीच्या दक्षिणेला पालघाटची खिंड आहे. तिच्या उत्तरेला नीलगिरीतल्या शोला रानात एक निळा रॉबिन राहतो, दक्षिणेला अनामलाई-पळणीत त्याचा चुलतभाऊ. डोंगरमाथ्यावरचं थंड रान सोडून हा पक्षी खिंडीतल्या उष्णतेत उतरत नाही, म्हणून दोघांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. आकाशातली बेटंच ती.

पण जात घडण्याच्या कितीतरी आधी दुसरी गोष्ट घडते आणि मला काळजी तिची वाटते. सुपात ज्वारी, तूर, मूग, हरभरा मिसळून ठेवलेत असं समजा. त्यातून एक मूठ उचलून पेरली आणि मुठीत हरभरा आलाच नाही, तर पुढच्या वर्षी हरभरा नाही. दोष हरभऱ्याचा नाही, मूठ लहान होती. थोड्या पक्ष्यांच्या वस्तीत प्रत्येक पिढीला असंच होतं, जनुकांची विविधता आपोआप गळत जाते. बाहेरून अधूनमधून एखादा पक्षी आला तरी त्याच्यासोबत हरवलेला दाणा परत येऊ शकतो. म्हणून दोन रानांमधले झाडोरे, नाल्याकाठची झाडं, बांधावरची जुनी मोहं मला इतकी मोलाची वाटतात. रानपिंगळा शेताच्या कडेला शिकार करतो, पण घरटं त्याला जुन्या झाडाच्या ढोलीतच लागतं. मैलोन्‌मैल ढोली नसेल तर मधली सपाटी त्याला समुद्रच. कावळ्याला तीच सपाटी घरचं अंगण.

नारकोंडमला जो काळ मिळाला तो या तुकड्यांना मिळालेला नाही. इथली शेतं वाढली ती माणसाच्या काही पिढ्यांत. एवढ्यात नवी जात घडत नाही, असलेली मात्र झिजू शकते.

जाणाऱ्यांनी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. तो खरंच येतो, हद्दीत कुणी घुसलं समजून, आणि विणीच्या दिवसांत त्याचा जोर उगाच खर्ची पडतो. घरटं दिसलं तर त्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. गाइड गावातलाच घ्या. जानेवारी ते मार्च हे दिवस उत्तम, साग निष्पर्ण होतो आणि फांदी-फांदी दिसते. पावसाळ्यात जायचं तर व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली सफारी सुरू आहे का ते आधी विचारा.

तिसऱ्या दिवशी रानाच्या अगदी कडेच्या सागावर पुन्हा एक दिसला. समोर हरभऱ्याचं शेत, त्यापलीकडे एकच मोहाचं झाड. वीस मिनिटं तो त्या झाडाकडे तोंड करून बसला होता. मग वळला आणि रानात गेला.