आमची वाटचाल : इतवारीची भट्टी आणि ग्लासातला लाल रंग

आमच्या भट्टीवर जव यायचा तो उन्हाळ्यात, सातूसाठी. होळी झाली की गहू, डाळवं आणि जव भाजून दळायला जायचं, आणि मृगाची पहिली सर पडली की जवाचं पोतं कोपऱ्यात. बाकी वर्षभर फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या. देवळांपुढच्या दुकानांना प्रसादाचे फुटाणे आमच्याकडूनच जातात. नागपूरच्या इतवारीतल्या या गल्लीत आजोबांनी भट्टी लावली, बाबांनी ती चालवली, आणि आता काही वर्षांपासून मी चालवते.

एका दुपारी वर्धा रोडकडचा एक तरुण आला. पुण्यात बियर बनवायचं काम शिकून नागपूरला परतला होता, छोटी ब्रुअरी सांभाळत होता. म्हणाला, "ताई, मोड न आणलेला जव पाहिजे. पण कॉफीसारखा काळा होईस्तोवर भाजलेला."

बाबा कढईजवळ बसले होते. त्यांनी विचारलं, "काहून? एवढा जाळून काय करता?"

"बियरमध्ये घालतो, काकाजी. आयरिश रेड एल म्हणतात तिला."

बाबा काहीच बोलले नाहीत. आमचं घर माळकरी. आईचं माहेर वर्ध्याचं, म्हणजे दारूबंदीचा जिल्हा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. या बंदीमागे दारूनं घर मोडलेल्या बायांचं दुःख आहे, आणि आई ते ऐकत मोठी झाली. त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न चार पैशांचा नव्हताच. दोन दिवस घरात जेवताना कोणी तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी होकार दिला, पण एक अट घातली. प्रसादाचे फुटाणे ज्या कढईत, ज्या रेतीत भाजले जातात, तिला या जवाचा हात लागायचा नाही. भांडं वेगळं, झारा वेगळा, चाळणीसुद्धा वेगळी. मला ती अट तेव्हाही पटली, आजही पटते.

मग शिकणं सुरू झालं. आम्हाला भाजणं येतं या भरवशावर मी कामाला हात घातला होता. वेगळ्या कढईत नवी रेती तापवली, जव टाकला, आणि तो टपटप फुलला. लाह्यांसाठी जे हवं तेच इथे नको होतं. दाणा अख्खा राहून आतपर्यंत काळपट तपकिरी व्हायला हवा. शिवाय जवाच्या पोटाला लांब खाच असते, तिच्यात रेतीचे कण अडकून बसले. ते पाच किलो गाईच्या पुढ्यात गेले.

त्या ब्रुअरनेच सांगितलं की विलायतेत यासाठी रेती कधीच नव्हती, फिरता ड्रम होता. १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या माणसाने माल्ट भाजायच्या लोखंडी नळकांड्याचं पेटंट घेतलं, कॉफी भाजतात तशाच पद्धतीचं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. बियरचा मुख्य ऐवज तोच. पण आमच्याकडून त्याला साधा, मोड न आणलेला जव हवा होता. तिकडे १८८० पर्यंत कर माल्टवर होता, म्हणून बिनमोडाचं धान्य बियरमध्ये घालायला कायद्यानेच मनाई होती. त्या वर्षी कर माल्टवरून काढून बियरवर बसवला, आणि भाजलेल्या साध्या जवाला वाट मोकळी झाली. हे ऐकल्यावर मला त्या पाच किलोंचं दुःख कमी वाटलं. म्हणजे आम्ही करत होतो ते काही अडाणी उसनवारीचं काम नव्हतं, भट्टीवाल्याचंच काम होतं.

हिंगण्याच्या एका फॅब्रिकेटरकडून जाड पत्र्याचा ड्रम बनवून घेतला. हाताने फिरवायचा, खाली गॅस, एका तोंडाला नमुना काढायची नळी. थर्मामीटर बसवला. दोनशे अंशांपर्यंत जव शांत असतो. आधी ओल्या गवताचा वास, मग भाकरीचा, मग बिस्किटाचा, पुढे कोको आणि कॉफी. दोनशेच्या पुढे गेलं की मिनिटामिनिटाचा हिशोब. धूर पांढरा असतो तो निळसर होतो, आणि त्या क्षणी गॅस बंद केला नाही तर माल गेला.

पहिली चांगली दिसणारी खेप मी अभिमानाने पाठवली. आठवडाभराने ब्रुअरचा फोन आला. बियरला राखेची चव येत होती. भांडला नाही, दोन दाणे घेऊन आला, ब्लेडने कापले आणि तळहातावर धरले. बाहेरून हवा तसा रंग, आत कोळसा. पाचशे लिटर बियर आमच्या मालामुळे वाया गेली होती, आणि कारण मला त्या रात्री झोप न येता सापडलं. फुटाण्याचा चणा पहिल्या भाजणीनंतर आम्ही ढीग करून पोत्याखाली मुरत ठेवतो. ती आमची सवय, पिढ्यानपिढ्यांची. जव ड्रममधून काढल्यावर माझ्या हातांनी तेच केलं. ढिगाच्या पोटातली धग त्याला आतून भाजतच राहिली. आता ड्रममधून निघताच पाण्याचा बारीक फवारा, लगेच जाळीवर बोटभर थर, वर पंखा. हात लावून गार वाटल्याशिवाय गोळा करत नाही. नंतर आठ दिवस सैल तोंडाच्या पोत्यात ठेवतो, म्हणजे धुराचा तिखट वास निघून जातो. त्या वाया गेलेल्या बियरच्या माल्टचे पैसे आम्ही भरून दिले. बाबांनी सांगितलं होतं, मीही तेच करणार होते.

या जवाचं माप ऐकून लोकांना नवल वाटतं. पाचशे लिटरच्या एका घाणीला सगळं मिळून साधारण शंभर किलो धान्य लागतं, त्यात आमचा भाजलेला जव अडीच किलो. बाकी फिका माल्ट आणि थोडा कॅरॅमलसारखा गोडसर क्रिस्टल माल्ट. एवढ्याशा जवाने काय होतं, हे मला घरीच कळलं. चिमूटभर जव कुटून गरम पाण्यात टाकला. स्टीलच्या पेल्यात तो काळा दिसला, आणि तेच पाणी काचेच्या ग्लासात घेऊन खिडकीकडे धरलं तर लाल! काळ्याला पातळ केलं की लाल उमटतो. जव वाढवत नेला तर हीच बियर तपकिरी होते, मग स्टाऊट नावाच्या बियरसारखी काळी.

चाखायला मला ब्रुअरीत बोलावलं तेव्हा मी गेले. आमच्या घरात त्याआधी कोणी गेलं नव्हतं. मालाचा शेवट कसा होतो हे बघितल्याशिवाय माल सुधारता येत नाही, असं मी आईला सांगितलं, आणि तिने ऐकून घेतलं.

बाहेर पंचेचाळीस अंश, आत टाक्या अठरा अंशांवर. यीस्ट या तापमानाला शांतपणे काम करतं. यीस्टचं काम संपल्यावरही ब्रुअर घाई करत नाही, बियर आणखी काही दिवस टाकीत राहू देतो, नाहीतर लोण्यासारखा वास मागे राहतो. ग्लास बर्फाळ नव्हता. दहा अंशांच्या आसपास. नागपूरच्या गिऱ्हाईकाला दातांना झिणझिण्या येतील अशी बियर हवी असते, पण इतक्या गारीत जिभेला काही कळतच नाही, असं तो म्हणाला. ते खरं आहे. ग्लास तळव्यात धरून मी थोडा कोमट होऊ दिला, तेव्हा कुठे वास वर आला.

रंग तांब्याचा, उजेडाकडे धरला की आत माणिक. फेस दुधावरच्या सायीच्या रंगाचा. पहिला घोट घेतला तर आधी टॉफीचा गोडवा, मग पावाच्या करपलेल्या कडेची चव. हॉप्सचा, म्हणजे बियरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडूपणा होता, पण मागे उभा. मी वाट पाहत होते ती शेवटाची. गोड पदार्थ घशाखाली गेल्यावर जीभ चिकट राहते तशी राहिली नाही. एकदम कोरडी, स्वच्छ झाली, कोऱ्या चहानंतर होते तशी. आणि त्या कोरडेपणात अगदी शेवटी एक वास होता, सातू भाजताना दुपारी आमच्या गल्लीत असतो तो. मी तो लहानपणापासून ओळखते.

त्याने मला आयर्लंडमधल्या किल्केनी गावाचं सांगितलं, जिथे स्मिथविक घराण्याची ब्रुअरी १७१० पासून होती. तिथलं काम २०१३ मध्ये थांबलं आणि बियर डब्लिनला बनू लागली. तिथल्याच वेक्सफर्ड परगण्यातल्या एनिसकॉर्थी गावची लेट घराण्याची ब्रुअरी तर १९५६ मध्येच बंद पडली, आणि तिथल्या लाल एलचं नाव पुढे फ्रान्स-अमेरिकेत चाललं. गावातली भट्टी थंड होते आणि नाव दूरवर चालत राहतं. मी आमच्या गल्लीत बंद झालेल्या भट्ट्या मोजल्या आहेत, म्हणून ही गोष्ट मला लागली.

धंद्याचं म्हणाल तर या जवाने आम्ही श्रीमंत झालो नाही. महिन्याला दहा-बारा किलो जातो. पण ड्रम आला, थर्मामीटर आला, तारीख-तापमान लिहायची वही आली, आणि त्याचा फायदा सातूला झाला. आता प्रत्येक पोत्याचा जव एकसारखा खरपूस निघतो. हलका भाजलेला जव उकळून प्यायला नेणारी गिऱ्हाइकंही लागली आहेत, त्यात आईच्या भजनी मंडळातल्या बाया जास्त.

बाबा ब्रुअरीत आले नाहीत आणि मी आग्रह केला नाही. मागच्या खेपेच्या वेळी ब्रुअर स्वतःच छोट्या बाटलीत थोडी एल घेऊन भट्टीवर आला. बाबांनी बाटली तोंडाला लावली नाही. बूच काढलं, नाकाजवळ धरली, डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बाटली त्याच्या हातात परत दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वेळेवर उतरवला व माय. जळाला नाही."