'जिन्यावरून पडला' असं केसपेपर म्हणतो

केसपेपरवर तीनच शब्द होते : 'जिन्यावरून पडला, लंगडतो.' मध्यम चणीचा तपकिरी कुत्रा, मागच्या उजव्या पायाचं मांडीचं हाड मोडलेलं. सोबत नवरा-बायको. अशा केसेस प्राण्यांच्या हॉस्पिटलात येतच असतात आणि त्यांत माझं काही काम नसतं. मी डॉक्टर नाही, तिथली सोशल वर्कर आहे, म्हणजे प्राण्यांसोबतच्या माणसांचं बघते. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

ड्युटीवरची डॉक्टर वयाने लहान, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "ताई, एक्स-रे बघायला येता का जरा?" मला एक्स-रेमधलं काय कळणार! पण तिचा चेहरा बघून उठले. तिने स्क्रीनवर पायाच्या ऐवजी छातीवर बोट ठेवलं. उजवीकडच्या काही बरगड्यांवर हाड जुळून आल्याच्या जाडसर गाठी होत्या. डावीकडे एक बरगडी अजून अर्धवटच जुळलेली. "जिन्यावरून एकदा पडला तर सगळं एकाच वेळचं दिसायला हवं," ती म्हणाली. "हे जुनं, हे त्याच्यानंतरचं आणि पाय आजचा."

पशुवैद्यकात मारहाणीची ही खूण नवी नाही. ब्रिटनमध्ये हेलन मन्रो आणि मायकेल थ्रसफील्ड या पशुवैद्यांनी २००१ साली मारहाण झालेल्या पाळीव प्राण्यांच्या केसेस गोळा करून प्रसिद्ध केल्या. लहान मुलांच्या डॉक्टरांना जे आधीपासून ठाऊक होतं, ते त्यामुळे प्राण्यांच्या डॉक्टरांसमोर आलं : वेगवेगळ्या वेळी मोडलेली हाडं, उशिरा आणलेला रुग्ण, जखमेशी न जुळणारी हकीकत. पुस्तकात हे सोपं वाटतं. इथे मात्र हकीकत सांगणारा माणूस पाच पावलांवर बसलेला असतो.

"पोलिसांना फोन करू?" तिने विचारलं. याचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं. एकट्या अमेरिकेतच काही राज्यांत संशय आला तरी पशुवैद्याने कळवणं सक्तीचं आहे, काही राज्यांत ते त्याच्या मर्जीवर आहे. मी म्हटलं, कळवायचं तर आहेच, पण आधी मला त्या बाईंशी एकटीशी बोलू दे. आपण फोन करू आणि संध्याकाळी त्या त्याच माणसाबरोबर घरी जातील.

एकटीशी बोलायचं कसं, हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. आमच्या टेक्निशियनने बाहेर जाऊन अगदी कोरड्या आवाजात सांगितलं, "फॉर्म भरायचाय आणि त्याला धरायला एक जण लागेल. एकालाच आत येता येईल." नवरा लगेच उठला आणि बायकोच्या मांडीवरून कुत्र्याला उचलायला वाकला. कुत्र्याने तिथेच, तिच्या मांडीवर, लघवी केली. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. ती पटकन रुमालाने पुसत म्हणाली, "दुखतंय त्याला, म्हणून." नवरा मागे सरकला. "तूच जा," म्हणाला.

आत आल्यावर मी नवऱ्याचं नावही काढलं नाही. तसा थेट प्रश्न विचारला की बाई दार लावून घेते. कुत्र्याबद्दल मात्र माणसं बोलतात. मी विचारलं, "ताई, घरात हा कोणाला घाबरतो?"

"तसा कोणाला नाही." मग जरा थांबून, "आवाज चढला की पलंगाखाली जातो."

"कोणाचा आवाज?"

बाई कुत्र्याचे कान कुरवाळत राहिल्या. मीही गप्प राहिले. असं गप्प बसायचं आम्ही शिकून घेतलेलं असतं, तरी जड जातं. मग त्या म्हणाल्या, "मला फारसं नाही मारत. मी ऐकलं नाही की ह्याला मारतो." आणि लगेच, मी काही विचारायच्या आत : "मी कधीच गेले असते हो मॅडम. पण ह्याला कुठे नेऊ?"

हे वाक्य मला नवीन नव्हतं. मानसशास्त्रज्ञ फ्रँक अॅसिओनी यांनी अमेरिकेतल्या युटा राज्यात, घरच्या मारहाणीमुळे निवारा केंद्रात आलेल्या बायकांशी बोलून १९९८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्याकडे पाळीव प्राणी होते त्यांच्यापैकी ७१ टक्के बायकांनी सांगितलं की जोडीदाराने प्राण्याला इजा करण्याची धमकी दिली होती, किंवा खरोखरच इजा केली वा मारून टाकलं होतं. पाहणी छोटी होती, पण त्यानंतर बायकांना घरातल्या प्राण्याबद्दलही विचारायची पद्धत पडली. अडचण पुढची आहे. बायकांसाठीची कितीतरी निवारा केंद्रं प्राण्याला आत घेत नाहीत. अमेरिकेत २०१८ च्या शेतीविषयक कायद्यात अशा बायकांच्या प्राण्यांच्या सोयीसाठी पैशांची तरतूद केली गेली. शेतीच्या कायद्यात का, हे राजकारण्यांनाच विचारायला हवं.

बाहेर खर्चाचा अंदाज ऐकून नवरा म्हणाला, "एवढे पैसे? मग इंजेक्शन देऊन टाका ना." पैशापायी बऱ्या होणाऱ्या प्राण्याला दयामरण देणं आमच्याकडे रोजचंच आहे आणि तसं म्हणणारे सगळे क्रूर नसतात. बहुतेक रडत असतात. हा रडत नव्हता.

इथे कागद उपयोगी पडले. कायद्याच्या लेखी प्राणी ही बहुतेक ठिकाणी मालमत्ता, आणि मालमत्तेला मालक लागतो. मी त्यांचं लसीचं कार्ड मागितलं. कार्डावर मालक म्हणून बाईंचं नाव, कुत्र्याच्या कातडीखालच्या ओळखीच्या मायक्रोचिपची नोंदही त्यांच्याच नावाने. म्हणजे ऑपरेशनची संमती त्यांची आणि दयामरणाला नकारही त्यांचा. ऑपरेशन आमच्या गरजू रुग्णांच्या निधीतून करायचं ठरलं. कुत्रा भरती झाला, आणि त्यात काही बनाव नव्हता. त्या पायाला प्लेट बसवल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं.

मग मी रिसेप्शनवर गेले आणि केसपेपरवरचा मोबाइल नंबर बघितला. तो नवऱ्याचा होता. आमच्या सॉफ्टवेअरमधून आपोआप मेसेज जातात : ऑपरेशन झालं, डिस्चार्ज अमुक वेळी, टाके काढायला या. ते सगळे त्याच्या फोनवर गेले असते. मेसेज बंद केले, फोनवर कोणालाही माहिती द्यायची नाही अशी नोंद टाकली आणि फाइल हॉस्पिटलातल्या फक्त दोघांनाच उघडता येईल असं केलं. समाजकार्याच्या कुठल्याच वर्गात मला हे शिकवलेलं नाही, आणि डॉक्टरांना हे बघायला वेळ नसतो. या पदावर माणूस का हवा असं कोणी विचारलं, तर मी हेच उदाहरण देते.

बाई त्या दिवशी नवऱ्याबरोबरच घरी गेल्या. हेल्पलाइनचा नंबर त्यांनी 'ड्रेसिंग' या नावाने सेव्ह केला. डॉक्टरने नियमाप्रमाणे कुत्र्याच्या जखमांचा अहवाल दिला, पण बाईंच्या बाबतीत कधी आणि काय करायचं हे त्यांनीच ठरवायचं होतं. घर सोडण्याची वेळ सगळ्यात धोक्याची असते. तयारीशिवाय कोणाला बाहेर काढणं म्हणजे मदत नव्हे.

हे डॉक्टरला पटेना. राऊंड संपल्यावर ती माझ्या खोलीत येऊन चिडून म्हणाली, "तुम्ही त्यांना जाऊ कसं दिलंत? कुत्र्याला ठेवून घेतलं आणि बाईला पाठवलं!" मी तिला बोलू दिलं. त्याच दुपारी तिने दोन प्राण्यांना दयामरण दिलं होतं आणि एका मालकाने तिला पैसेखाऊ म्हटलं होतं, हे सगळं त्यात आलं. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या १९७९ ते २०१५ या काळातल्या मृत्यूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पुरुष डॉक्टरांत २.१ पट आणि स्त्री डॉक्टरांत ३.५ पट आढळलं. हे आकडे माहीत असल्यावर "एवढं मनाला लावून घेऊ नकोस" असं म्हणायची हिंमत होत नाही.

पण मी तिची थेरपिस्ट होत नाही. आम्ही एकाच कॅन्टीनमध्ये जेवतो, आमचा पगार एकच व्यवस्थापन देतं. ऐकून घेते, झोप-जेवणाची चौकशी करते आणि बाहेरच्या माणसाचा नंबर देते. व्यवस्थापनाला वाटतं, घरचीच बाई आहे तर बाहेर कशाला पाठवायचं. यावरून माझे खटके उडतात.

पशुवैद्यकीय समाजकार्य हे नाव घेऊन एलिझाबेथ स्ट्रँड यांनी टेनेसी विद्यापीठात २००२ मध्ये काम सुरू केलं. त्याआधीही अमेरिकेतल्या काही प्राणी-हॉस्पिटलांत समाजकार्यकर्ते होते. स्ट्रँड यांनी चार विभाग आखले : प्राणी गेल्याचं दुःख, प्राण्यांच्या सोबतीने उपचार, माणसावरच्या आणि प्राण्यावरच्या हिंसेचा संबंध, आणि चौथा विभाग पशुवैद्यकात काम करणाऱ्यांच्या मनावरचा ताण. कागदावर चार रकाने नीट वेगळे आहेत. हॉस्पिटलात त्यातले तीन जेवणाच्या सुट्टीआधी एकमेकांत मिसळतात.

लोकांना यातला पहिलाच विभाग माहीत आहे. रडणाऱ्या मालकाला पाण्याचा ग्लास देणारी बाई म्हणजे मी. पदं आहेत ती मुख्यतः पशुवैद्यक महाविद्यालयांच्या आणि मोठ्या स्पेशालिटी हॉस्पिटलांत, आणि बऱ्याचदा देणगीवर किंवा ठरावीक मुदतीच्या अनुदानावर. एका इमारतीत एकच माणूस, विचारविनिमयाला दुसरं कोणी नाही. माझ्या बोलण्याचं बिल फाडता येत नाही, हे खरं दुखणं. हल्ली आमच्यातले काही जण सांगतात, व्यवस्थापनाला पटवा की तुमच्यामुळे कर्मचारी नोकरी सोडून जात नाहीत. युक्ती चालते. पण एकदा त्या मापाने मोजून घेतलं की कुत्रा मांडीवर घेऊन बसलेल्या त्या बाईसाठी घालवलेली दुपार कुठल्या मापात बसवायची?

टाके काढायच्या दिवशी बाई एकट्याच आल्या, हातात मोठी बॅग घेऊन. दुपारपर्यंत निवारा केंद्रात जागा मिळाली. कुत्र्याला तिथे नव्हती, म्हणून तो एका स्वयंसेवकाकडे फॉस्टरला, म्हणजे तात्पुरता सांभाळायला गेला. संध्याकाळी नवरा आला. रिसेप्शनवरचा मुलगा त्याला म्हणाला, "मालकांशिवाय माहिती देता येत नाही." तो ओरडला, "मालक मीच आहे!" मुलाने स्क्रीनवर नाव वाचलं आणि म्हणाला, "नाही साहेब, इथे तुमचं नाव नाही." त्या मुलाला बाकी काहीच माहीत नव्हतं. सिक्युरिटीवाला जवळ येऊन उभा राहिला, मग नवरा गेला.

ऑपरेशननंतर कुत्रा आमच्याकडे राहिला त्या दिवसांच्या बोर्डिंगवरून आता अकाउंट्सचे मेल येताहेत. निधी फक्त उपचारांना चालतो, राहण्याला नाही. मी कळवलं, समाजकार्याच्या खात्यात टाका. उत्तर आलं, सॉफ्टवेअरमध्ये असं खातं नाही. तूर्तास ते 'इतर' मध्ये टाकलंय, आणि नवीन खातं उघडायचा अर्ज मी भरून दिलाय.