लष्करातली शाळा

रविवार, रात्री

आज पुण्यातल्या जुन्या शाळांवरचं एक व्याख्यान ऐकलं. १८४८ ची फुल्यांची भिडेवाड्यातली शाळा झाली, १८८० चं न्यू इंग्लिश स्कूल झालं. मधलं १८६७ आलंच नाही. त्या साली लष्कर भागात, म्हणजे कॅम्पात, सेंट व्हिन्सेंट्स ही कॅथलिक शाळा सुरू झाली. मी तिथे शिकलो, म्हणून मला जास्त लागलं असेल. पण पेठांच्या पलीकडचं पुणे आपण आपलं मानतच नाही, ही सल जुनी आहे.

गोऱ्या पलटणींबरोबर कॅथलिक मंडळी इथे आली, असं सर्रास धरलं जातं. पण क्वार्टर गेटजवळच्या कॅथलिक सिटी चर्चची सुरुवात १७९२ ची, आणि तिला जागा दिली सवाई माधवराव पेशव्यांनी, आपल्याच फौजेतल्या ख्रिस्ती सैनिकांसाठी. म्हणजे शाळा निघाली तेव्हा हा समाज पुण्यात चांगला मुरलेला होता.

शाळा काढली जेझुइटांनी, म्हणजे ‘येशू संघ’ या कॅथलिक संघातल्या धर्मगुरूंनी, आणि त्या काळी इथले बरेचसे फादर जर्मन. १८७२ मध्ये बिस्मार्कच्या सरकारने कायदा करून जर्मनीत जेझुइटांवर बंदी घातली. स्वतःच्या देशात ज्यांच्या संघाला थारा उरला नाही, ती माणसं इथे परक्यांच्या मुलांना भूमिती शिकवत होती. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारच्या लेखी तेच शत्रू ठरले. मुंबई-पुण्याच्या मिशनमधल्या जर्मनांना आधी अटकेत टाकलं, मग मायदेशी धाडलं. पुण्याचे बिशप हाइनरिख डोरिंग यांचीही पुण्यापासून ताटातूट झाली. १९२१ मध्ये त्यांना हिरोशिमाला नेमलं गेलं. काही वर्षांनी ते परत पुण्यालाच आले. एवढं सगळं एका गावासाठी सोसलेल्या माणसाचं नाव पुण्यात किती जणांना ठाऊक आहे?

नंतर स्विस फादर आले. त्यांच्यातल्याच फादर रुडॉल्फ शोख यांनी १९६१ मध्ये पाषाणला लॉयोला ही शाळा उभी केली. पानशेतच्या पुराचं ते साल.

मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट: आम्ही संध्याकाळी घरी यायचो. वसतिगृहात राहणारा मुलगा हळूहळू शाळेचाच होतो. आम्ही सकाळी नारायण पेठेतून सायकली हाणत निघायचो. वर्गात पारशी, बोहरी, गोवेकर, सिंधी, तेलुगू मुलं. डब्यांची अदलाबदल, मैदानावर हॉकी. दिवेलागणीला घरी आजीपुढे बसून रामरक्षा. ‘पोराला बाटवतील’ असं शेजारच्या काकू आईला बजावायच्या. आई म्हणायची, ‘रोज रात्री माझ्याच ताटात जेवतोय ना तो!’ फादरांनीही आमची रामरक्षा कधी मोडली नाही. प्रार्थनेच्या वेळी ते एवढंच सांगत, ‘गप्प उभे राहा आणि आपापल्या देवाला आठवा.’

फादरांचं थोडंफार कुठेतरी लिहिलेलं सापडतं. पण तिथे मराठी शिकवणारे मास्तर, घंटा देणारे शिपाई, फीच्या वह्या सांभाळणारे कारकून यांच्याबद्दल कोणी लिहायचं? आमच्या मराठीच्या सरांनी नव्वदी गाठलीय. आवाज अजून खणखणीत आहे. उद्या सकाळी त्यांना फोन करतो. रेकॉर्डर घेऊन कधी येऊ, तेवढं विचारायचंय.