बाटलीमागे की माझ्यामागे

आज मला यायला उशीर झाला आणि बारकीला, माझ्या करडाला, संध्याकाळची बाटली वहिनीने पाजली. झालं ते एवढंच. मी फाटकातून आत आले तेव्हा वहिनी उभी होती, बाटली तिरकी धरलेली, आणि बारकी मान वर करून ओढत होती. शेपूट तशीच फडफडत होती. मधेच बाटलीला ढुशी मारणंही तसंच. दूध संपल्यावर वहिनीच्या ओढणीचं टोक तोंडात घेऊन चोखत बसली. माझ्या ओढणीचं घेते तसंच.

मी आल्याचं तिला कळलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. जेवताना दादाने काहीतरी विचारलं, मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. एका करडाने दुसऱ्या हातून दूध प्यायलं, त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? पण वाटतंय. ती शेपूट माझ्यासाठी हलते असं मी धरून चालले होते. मी हाक मारली की कोपऱ्यातून उड्या मारत यायची, ती मला ओळखते म्हणून यायची, हेही. आज वाटतंय, ती बाटलीलाच ओळखत असणार.

आमच्या चांदणी शेळीला तीन करडं झाली आणि सड दोन, तिथेच सगळं ठरलं. दोघं दांडगी होती, ही मागे पडली. हात लावला तर तोंड आतून गार. थर्मामीटर लावला तर ३७ सुद्धा भरेना. करडाचं अंग ३९ च्या आसपास हवं. अशा गारठलेल्या पिल्लाला आधी दूध द्यायचं नसतं, ते पचतच नाही, म्हणून आधी ऊब दिली. गोणपाटात गुंडाळून आत आणलं, गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. तोंडात बोट घातल्यावर ते गरम लागलं आणि तिने बोट ओढलं, तेव्हा कुठे चांदणीचा चीक काढून आणला. शेळीच्या करडाला पोटात असताना आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती सगळी चिकातून येते, आणि तीही पहिल्या काही तासांत. दिवस उलटला की आतडी ती आत घेत नाहीत. वजन १.७ किलो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पहिल्या २४ तासांत जायला हवा, म्हणजे साधारण १७० मिली. थोडा थोडा करून रात्रभर पाजला. पिवळा, दाट, निपलला चिकटणारा.

सकाळी तिला चांदणीकडे नेलं तर चांदणीने हुंगलं आणि शिंगाने बाजूला लोटलं. शेळी आपलं पिल्लू वासावर ओळखते, आणि ती ओळख वेतानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांतच पक्की होते. तेवढ्या वेळात बारकी आमच्या घरात होती. आत आणलं नसतं तर वाचली नसती, हेही तेवढंच खरं. पण तिच्या आईने तिला ओळखलं नाही ते तेव्हा, आणि आज मी... जाऊ दे.

मग मीच. सुरुवातीला दिवसातून चार वेळा, रात्रीची धरून. दूध तिच्या अंगाइतकं गरम हवं. आपल्या मनगटावर कोमट वाटलं तर ते तिच्यासाठी थंडच असतं. निपलचं भोक बारीकच ठेवायचं. मोठं झालं तर दूध घशात एकदम उतरतं, ठसका लागतो, छातीत जातं. बाटली आचळाच्या उंचीला धरायची, म्हणजे मान ताणून वर होते. मी तिच्या गळ्याकडे बघत बसायचे. एकेक घोट खाली जाताना दिसायचा आणि बाटलीत बुडबुडे वर चढायचे. निपल चेपून बसलं की ती सोडायची, फुस्स करून हवा आत जायची आणि ती पुन्हा धरायची. ओठांच्या कडेला फेस. त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरं काहीही नसायचं. बाकीच्या दिवसात काय काय चाललं होतं ते इथे लिहीत नाही. तेवढी पाच मिनिटं माझी होती. म्हणूनच बहुतेक इतकं लागलं. मला कुणीतरी धावत येणारं हवं होतं. घरात तसं आता...

असो.

आता दूध तोडायचंच आहे. दुपारची बाटली आधीच बंद केली, संध्याकाळची कमी करत आणली. दोन महिने झाले म्हणून नव्हे. तारखेवर दूध तोडू नये, वजन आणि खाणं बघून तोडावं. जन्माच्या वजनाच्या अडीचपट व्हायला हवं, ते तिने कधीच ओलांडलं. खुराक रोज खाते, पाला ओरबाडते, पाण्याला स्वतःहून जाते. परवा पाहिलं तर पाय मुडपून बसली होती आणि जबडा आडवा फिरत होता. रवंथ करत होती.

बाटलीचं दूध कोठीपोटात, म्हणजे शेळीच्या चार पोटांतल्या पहिल्या मोठ्या पोटात, जातच नाही. चोखताना अन्ननळीच्या शेवटी एक पन्हळ मिटते आणि दूध सरळ चौथ्या पोटात उतरतं. कोठीपोट वाढतं ते चाऱ्याने आणि खुराकाने. म्हणजे एवढे दिवस मी जे पाजलं त्याने ती जगली, पण तिला शेळी करणारं पोट वाढलं ते तिने स्वतः कुरतडलेल्या पाल्यावर. हे मला माहीत होतंच. आज रात्री ते वेगळं लागलं.

आणि हे लिहिता लिहिता दुसरंही सुचतंय. मला ताप आला होता तेव्हा हिला दूध कोण पाजत होतं? वहिनीच. तेव्हा हिने नखरे केले असते, माझ्याच हातून हवं म्हणून तोंड मिटून बसली असती, तर? तशी करडं असतात. निपल जिभेने बाहेर ढकलतात, उपाशी राहतात, खंगतात. बारकी कधी तशी वागली नाही. जो बाटली धरील त्याच्याकडे ती धावली, आणि त्या धावण्यावरच ती जगली. आईने लोटलेल्या पिल्लाने आणखी काय करायचं होतं? एकाच माणसावर जीव लावून बसणं तिला परवडलं नसतं. मला आज जे टोचलं तेच तिचं बळ होतं. हे पटतंय. पूर्ण नाही, पण पटतंय.

वहिनीने बाटली नीट धुऊन उपडी घालून ठेवली होती, निपल वेगळं काढून. मी तिच्याशी धड बोलले नाही. उद्या बोलेन.

आता लक्ष ठेवायचं ते लेंड्यांवर. दूध तुटताना ताण येतो आणि रक्ती हगवण याच वयात गाठते, म्हणून जागा बदलायची नाही, सोबतीची दोघं तीच ठेवायची, गव्हाण उंचावर बांधायची म्हणजे खुराकात पाय पडणार नाहीत. तिच्या भावाला मात्र पुढे वेगळं करायला हवं. तीन-चार महिन्यांचा बोकडही गाभण करू शकतो. दादाला सांगायचंय.

संध्याकाळची बाटली सोमवारपासून बंद. सकाळची अजून आठवडाभर ठेवणार आहे. वहिनी विचारेल कशाला, तर सांगेन, हवा पालटतेय, दोन्ही एकदम नको. आणि ते खरंही आहे.