बन्नीचे गवत मोजताना

भुजहून खावड्याच्या रस्त्याने उत्तरेला निघाले, की कर्कवृत्ताची पाटी मागे पडते आणि भिरंडियारा येते. इथला मावा प्रसिद्ध आहे, आणि त्यासाठी लागणारे दूध बन्नीच्या म्हशींचे. तिथून होडकोकडे वळल्यावर जमीन पूर्ण सपाट होते. कच्छच्या मोठ्या रणाच्या दक्षिण काठावर सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटर पसरलेला बन्नी हा गवताळ प्रदेश पाहण्याची माझी फार जुनी इच्छा होती. पावसाळा सरताना तिथल्या गवताची पाहणी करणाऱ्या एका अभ्यासगटाबरोबर मदतनीस म्हणून जाण्याची संधी मिळाली.

काम सांगायला सोपे होते. एक मीटर लांबीरुंदीची चौकट जमिनीवर ठेवायची, तिच्यात सापडलेली प्रत्येक वनस्पती नोंदवायची, किती जमीन झाकली गेली आहे याचा अंदाज लिहायचा, मग गवत बुडापासून कापून कागदी पिशवीत भरायचे आणि वाळल्यावर त्याचे वजन करायचे. शेजारची थोडी माती पाण्यात कालवून तिचा खारटपणाही मोजायचा. उन्हात वाकून हे करत असताना माझ्या लक्षात आले, की डोळ्यांना एकसारखी दिसणारी ही जमीन पावलागणिक बदलते. जिथे किंचित खोलगट आहे आणि पावसाचे पाणी थोडे अधिक दिवस साचते, तिथे आपल्याकडचे मारवेल चांगले वाढलेले असते. वीतभर उंचवट्यावर मीठ वर येते आणि सुएडाची मांसल, गुलाबीसर झुडपे तेवढी तग धरतात.

हा फरक चौकटीविनाही ओळखणारा माणूस आमच्याबरोबर होता. वाट दाखवायला आलेले मालधारी, म्हणजे इथल्या पशुपालक समाजातले, एक चाचा गवताची काडी चिमटीत धरून तिचे कच्छी नाव सांगत, ती म्हैस आधी खाते की शेवटी हे सांगत, आणि कोणत्या वर्षी ती कुठवर पसरली होती हेही सांगत. आमच्या वहीत एका हंगामाची नोंद होती. बन्नीत पाऊस सरासरीने ३०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण दोन वर्षे सारखी कधीच नसतात; त्यामुळे एका हंगामाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढण्यापूर्वी चाचांसारख्यांना विचारणे हा अभ्यासाचाच भाग आहे, असे माझे ठाम मत झाले.

पाण्याविषयीचे त्यांचे ज्ञान तर थक्क करणारे आहे. तलावाचा तळ उघडा पडू लागला, की मालधारी त्यात विरडा खणतात, म्हणजे उथळ विहीर. भूगर्भातले पाणी खारे आणि म्हणून जड. वरून मुरलेले पावसाचे गोडे पाणी त्याच्यावर थरासारखे राहते. विरड्यातून तेवढेच गोडे पाणी अलगद काढायचे असते. त्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून आतून लाकडांची चौकट आणि गवत बसवलेले असते. मी ओंजळभर पाणी पिऊन पाहिले. भोवतालच्या मातीवर मिठाची पांढरी साय होती आणि पाण्याला खारेपणा जाणवत नव्हता.

म्हशी संध्याकाळी चरायला सुटतात, रात्रभर दूरवर चरतात आणि सकाळी दूध देण्यासाठी आपापल्या घरी परततात. उन्हाचा ताप टाळणारी ही सवय पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. २०१० मध्ये बन्नी म्हशीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा मालधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोपासलेल्या या म्हशीवर शासकीय मोहोर उमटली. कांकरेज गायींचे मात्र हाल झाले आहेत. त्याचे कारण पाहायला दूर जावे लागत नाही, कारण वेडी बाभूळ सर्वत्र आहे. रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून १९६०च्या दशकाच्या आरंभी वनखात्याने ती लावली. तिच्या गोड शेंगा गुरे खातात, बिया शेणातून दूरवर पोहोचतात आणि तिथे नवे झुडूप उगवते. याच शेंगांनी गायींचे पोट बिघडते, असे मालधारी सांगतात. फांद्या छाटल्या तर ती बुंध्यातून अधिक दाट फुटते. म्हणूनच काही तुकड्यांतली बाभूळ मुळासकट काढायची, काहींतली नुसती छाटायची, काही तशाच ठेवायच्या आणि गवत कुठे परतते ते पाहायचे, अशा धर्तीचे प्रयोग बन्नीत झाले आहेत. बाभळीच्या दाट जाळीत मी चौकट ठेवली, तेव्हा नोंदवायला वाळलेली पाने आणि दोन खुरटी रोपे एवढेच होते. बाभूळ काढलेल्या मोकळ्या जागेत गवताच्या जाती मोजता मोजता पान भरले.

मला अधिक काळजी वाटते ती कुंपणांची. बन्नी १९५५ पासून कागदोपत्री संरक्षित वन आहे, प्रत्यक्षात ती सर्वांची सामाईक चराई आहे. तिच्यात शेतीसाठी तुकडे वेढले जाऊ लागल्यावर मालधारी संघटित होऊन राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले आणि २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. पाऊस जिथे पडला तिथे गुरे नेता येणे हाच या व्यवस्थेचा कणा आहे, आणि प्रत्येक नवे कुंपण त्यावर घाव घालते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली बन्नीच्या गावांना सामूहिक हक्क विनाविलंब आणि पूर्णपणे मिळाले पाहिजेत. बाभूळ कुठली काढायची आणि कुठली ठेवायची, हे ठरवतानाही पहिला शब्द याच गावांचा असायला हवा.