तुम्ही विचारलंत म्हणून: फुल फ्रेम मिररलेस घेऊ का?

"भाऊ, क्रॉप विकून फुल फ्रेम मिररलेस घेऊ का?" लग्नसराई आटोपून हातात पैसे आले, की बीड, जालना, परभणीकडचे फोटोग्राफर मला हे हमखास विचारतात. मी संभाजीनगरात लग्नाच्या ऑर्डरी करतो, सवड मिळाली की अजिंठा-वेरूळ गाठतो. आधी निकॉनचा डी ७२०० होता, म्हणजे क्रॉपचा, आरसा असलेला डीएसएलआर. आता झेड ६ टू आहे, तो फुल फ्रेम मिररलेस. दोन्ही पोटभर वापरलेत, म्हणून सांगतो.

या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. फुल फ्रेम म्हणजे फोटो टिपणाऱ्या सेन्सरचं मोठं माप (क्रॉप म्हणजे लहान), मिररलेस म्हणजे कॅमेऱ्याची आत आरसा नसलेली बांधणी. हे दोन सुटे केल्याशिवाय लाखाच्या वर खर्च करू नये, असं माझं ठाम मत आहे. कारण तुम्हाला हवं असतं त्यातलं बरंचसं मिररलेसमुळे मिळतं, आणि ते क्रॉप सेन्सरच्या मिररलेसमध्येही येतं.

आधी सेन्सर. फुल फ्रेम ३६ × २४ मिलिमीटरचा, निकॉन-सोनीचा क्रॉप साधारण २३.५ × १५.६ चा. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून जास्त, म्हणजे एका स्टॉपपेक्षा (दुपटीपेक्षा) थोडा अधिक प्रकाश. गोरज मुहूर्ताचं लग्न, अंतरपाट धरलेला, फ्लॅश मारायची इच्छा नाही. अशा वेळी क्रॉपवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ला दिसणारा नॉईज, म्हणजे दाणेदारपणा, फुल फ्रेमवर ६४०० च्या पुढे दिसतो. चेहऱ्याची कातडी मऊ राहते, काळ्या केसांत रंगीत ठिपके येत नाहीत. हा फायदा खरा आहे.

पण त्याला एक अट आहे, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश येण्याचं छिद्र) तेवढंच उघडं ठेवलं तरच तो फायदा मिळतो. स्टेजवर नवरा-नवरीमागं मामा-मावश्यांच्या तीन ओळी उभ्या राहिल्या, की क्रॉपवर एफ ४ ला जेवढी खोली फोकसमध्ये येते, तेवढीसाठी फुल फ्रेमवर एफ ५.६ च्या पुढे जावं लागतं, म्हणजे छिद्र लहान करावं लागतं. मग शटर तेच ठेवायचं तर आयएसओ चढवावा लागतो आणि सेन्सरनं कमावलेलं तिथंच खर्ची पडतं. तुमचं निम्मं काम ग्रुप फोटोंचं असेल, तर आधी दोन चांगले फ्लॅश आणि एक ट्रिगर घ्या.

आता मिररलेस. मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आय ऑटोफोकसचा. मुंडावळ्या डोळ्यांच्या शेजारून लोंबत असतात. डीएसएलआरवर नवरीनं मान जराशी हलवली, की फोकस मोत्यांच्या सरावर जायचा. मोती टोकदार आणि पापण्या धूसर. मिररलेस डोळा धरून ठेवतो. सर अगदी डोळ्यावरच आला तर तोही फसतो, तेव्हा मी लहान सिंगल पॉइंटवर येतो. दुसरा उपयोग सायलेंट शटरचा. सप्ताहातलं कीर्तन रंगात आलेलं असताना खटखट होत नाही. मात्र एलईडीच्या उजेडात त्याच शटरनं फोटोवर आडवे पट्टे येतात. तिथं मेकॅनिकल शटर लावा, वेग १/१०० किंवा १/५० ठेवा.

अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते. तिथं बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) हाताला धरून चालवतं. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर श्वास रोखून १/८ सेकंदाला घेतलेला फोटो धारदार येतो, कारण भिंत हलत नाही. वरातीत नाचणाऱ्या करवल्यांना याचा काही उपयोग नाही.

पैठणच्या नाथसागरावर (जायकवाडी धरणाचा जलाशय) हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब टिपणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. क्रॉपवर ५०० एमएमची लेन्स ७५० सारखी चौकट देते. फुल फ्रेमवर तोच पक्षी लहान दिसतो, आणि २४ मेगापिक्सेलमधून तेवढाच भाग कापला तर हातात जेमतेम दहा-अकरा उरतात. क्रॉप मिररलेस घ्या, वाचलेले पैसे लेन्समध्ये घाला.

लेन्सचा हिशेब तर सगळ्यांनीच आधी मांडावा. क्रॉपसाठीच्या डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर लावल्या की कॅमेरा मधलाच भाग वापरतो, पुन्हा तेच दहा मेगापिक्सेल. निकॉनवाल्यांनी आणखी एक पाहावं: जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. ८५ एमएम १.८ डी ही लेन्स डी ७२०० वर बॉडीतल्या मोटरनं फोकस करते, झेडवर ती हातानं फिरवावी लागते. बॅटरीही जास्त लागतात. कंपनीच्या मोजणीत डी ७२०० एका चार्जमध्ये ११०० च्या वर फोटो काढतो, झेड ६ टू व्ह्यूफाइंडरवर साडेतीनशेच्या आसपास. हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन बॅटऱ्या खिशात हव्यातच.

आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ. मिररलेसमध्ये आरसा नाही, बहुतेकांत लेन्स काढली की सेन्सर उघडाच. मी कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून, शक्यतो गाडीत बसून लेन्स बदलतो.

तरीही मन फुल फ्रेमकडेच ओढत असेल, तर विकत घेण्याआधी एका लग्नासाठी बॉडी आणि लेन्स भाड्यानं आणा. आपला जुना कॅमेराही सोबत ठेवा. अंतरपाटाच्या वेळचे दोन्हींचे रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेले) फोटो घरी शेजारी शेजारी उघडा, आणि गिऱ्हाईक ज्या मापाचा अल्बम घेतं त्याच मापात बघा. फरक तिथं दिसला तर घ्या. पक्क्या बिलावर घ्या, आणि किमतीत महागडी मेमरी कार्डंही धरा.